नोटीस तरी द्या

गेल्या वर्षी मी अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ केला होता. आमच्या नदीच्या पात्रातून रात्री वाळू कशी उपसली जाते, त्यामुळे काठावरच्या विहिरी कशा आटत चालल्यात, एवढाच विषय. फोनवरच काढलेला, हलणारा, पार्श्वभूमीला ट्रॅक्टरचा आवाज. मधे पारावर बसलेली एक म्हातारी बोलते: पूर्वी तिच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं, आता होळीलाच तळ दिसतो. व्हिडिओ पाहिला असेल तीन-चार हजार लोकांनी. त्यात कुणाची आई-बहीण काढलेली नव्हती, कुठल्या धर्माचं नाव नव्हतं, दंगल करा असं तर कुणीच म्हटलेलं नव्हतं.

महिन्याभराने कंपनीची मेल आली. दोन ओळींची. सरकारी यंत्रणेकडून कायदेशीर मागणी आल्यामुळे तुमचा मजकूर भारतात दिसणार नाही. कुठली यंत्रणा? नाही सांगितलं. कुठलं कलम? नाही. अकरा मिनिटांतली कुठली मिनिटं चुकली? तेही नाही. मी कंपनीला लिहिलं, तर 'आपल्या संपर्काबद्दल आभारी आहोत' असं यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्याला उत्तर आलं की ही माहिती गोपनीय आहे.

म्हणजे माझ्याविरुद्ध एक आदेश आहे, त्याची अंमलबजावणीही झाली आहे, आणि तो मला वाचता येत नाही.

इथे काही वाचक म्हणतील, अहो, एका व्हिडिओचं काय घेऊन बसलात! मान्य. माझं फारसं काही बिघडलेलं नाही. मी तुरुंगात गेलो नाही, कुणी घरावर दगड मारले नाहीत. पण मला वाटतं, डिजिटल माध्यमांच्या नियमनाबद्दल आपल्याकडे जो कोलाहल चालतो, त्यात मुख्य प्रश्न नेहमी बाजूला पडतो. इंटरनेटवर काहीही बोलायची मुभा हवी की लगाम हवा, यावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं. पण लगाम ज्याच्या हातात आहे त्याने कुणाला उत्तर द्यायचं, हे कुणी विचारत नाही. 'उत्तरदायित्व' हा शब्द प्रत्येक सरकारी पत्रकात असतो. ते उत्तरदायित्व नेहमी लिहिणाऱ्याचं असतं, पुसणाऱ्याचं कधीच नसतं.

जुनी गोष्ट आठवून पाहा. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे गेले, बंद पाळला गेला, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला. दुसरीने तो 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत थेट राजद्रोहाच्या कलमाखाली पकडलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ तेव्हा जिवंत होतं. कुणाला 'त्रास' झाला, कुणाला काही 'आक्षेपार्ह' वाटलं, की तीन वर्षांपर्यंत कैद. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. आणि गंमत बघा, रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. ते थांबवा हे न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. मेलेल्या कलमाने माणसं आत टाकली जात होती, सात वर्षं.

2012 साली राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. मे 2022 मध्ये शरद पवारांबद्दलचा दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर शेअर केला म्हणून एका अभिनेत्रीने सुमारे चाळीस दिवस तुरुंगात काढले, तेव्हा महाविकास आघाडी होती. तो मजकूर मला हिणकस वाटला होता, अजूनही वाटतो. पण हिणकसपणाला चाळीस दिवस? त्या वेळी माझे पुरोगामी मित्र 'तिला धडा मिळाला' म्हणून खूश होते. आज तेच मित्र अभिव्यक्तीच्या गळचेपीवर व्याख्यानं देतात. त्यांची व्याख्यानं चांगली असतात, मी ऐकायला जातो. पण तेव्हा ते गप्प होते, हे मी विसरलेलो नाही. मीही फार मोठ्याने बोललो नव्हतो, हेही खरं.

आता दुसरी बाजू. माझे दाजी फौजदार म्हणून निवृत्त झाले. व्हिडिओचं प्रकरण मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पावणं, तुमचं समदं बरोबर हाय. पण अफवा उठली की पहिला दगड आमच्या डोक्यात पडतो. तवा काय करायचं, ते सांगा."

हा प्रश्न टाळून इंटरनेट स्वातंत्र्यावर लिहिणारे मला खोटे वाटतात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर आधीपासून फोनोफोनी फिरत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना, आणि त्याचंही चित्रण झालं. त्याआधी 2014 मध्ये पुण्यात हडपसरला, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून वातावरण पेटलेलं असताना, त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव घेतला गेला. शब्दाने काय होतं, असं मला कुणी विचारू नये.

पण मग राईनपाड्यानंतर नेमकं काय उपयोगी पडलं, ते बघा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पुढे 2020 मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यासाठी कुणाचा मजकूर वाचावा लागला नाही, कुणाला अटक करावी लागली नाही. यंत्राची चावी थोडी सैल केली, एवढंच. म्हणजे ती चावी कंपनीच्या हातात आधीपासून होती. पाच माणसं मरेपर्यंत ती फिरवली नव्हती. नियमन करायचं तर इथे करा ना! कुठला मजकूर कुणाला ढकलून दाखवला जातो, त्यावर किती कमाई होते, तक्रारीला माणूस उत्तर देतो की यंत्र, हे विचारा. एखाद्या बाईचा फोटो विकृत करून फिरवला जातो तेव्हा तिला 'आमच्या धोरणाचा भंग झालेला नाही' असं उत्तर देणाऱ्या कंपनीला बोलवा आणि उभं करा. ते करायचं सोडून सगळा जोर कुणावर? दोन माणसांच्या पोर्टलवर, एखाद्या विनोदवीरावर, वाळूचा व्हिडिओ करणाऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने डिजिटल माध्यमांसाठी नियमावली आणली. बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांनी आचारसंहिता पाळायची आणि त्यावरच्या तक्रारींची शेवटची पायरी सरकारच. म्हणजे ज्याच्यावर टीका करायची, तोच अखेरचा पंच. त्यातल्या नियम 9 च्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. याचिकाकर्त्यांत आपले निखिल वागळेही होते. 2023 मध्ये आणखी पुढची मजल: केंद्राच्या कारभाराबद्दल खोटं काय, खरं काय, हे केंद्राचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार. कुणाल कामरा न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं, आणि सप्टेंबर 2024 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. मुंबई उच्च न्यायालयाचे आपण ऋणी आहोत, यात शंका नाही.

पण हे सगळे विजय उघड नियमांवरचे आहेत. खरं काम बंद दाराआड चालतं. कलम 69अ खाली मजकूर अडवता येतो. श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने हे कलम टिकवलं, कारण त्यात कारणं लेखी द्यावी लागतात आणि बाजू ऐकून घ्यायची तरतूद आहे. मात्र त्याच नियमावलीत सोळावा नियम आहे: सगळं काटेकोर गोपनीय. ऐकून घ्यायचं, पण आदेश दाखवायचा नाही! तनुल ठाकूर या पत्रकाराने हुंड्याची टिंगल करणारं एक संकेतस्थळ काढलं होतं. शिक्षण, नोकरी, पगार भरा, तुमचा 'भाव' सांगतो, असला उपरोध. 2018 मध्ये ते बंद केलं गेलं. बंदीच्या आदेशाची प्रत त्यांना द्या आणि त्यांचं म्हणणं ऐका, हे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत 2022 उजाडलं. उपरोध न कळणं हा गुन्हा नाही, आमच्या गावात निम्म्यांना कळत नाही. पण न कळणाऱ्याच्या हातात बंदीचा शिक्का असावा आणि त्याने कारणही सांगू नये?

आता तर 69अ चीही गरज उरली नाही. कलम 79(3)(ब) चा आधार घेऊन 'सहयोग' नावाच्या पोर्टलवरून यंत्रणा कंपनीला थेट कळवतात: हे काढा, नाहीतर तुमचं कायदेशीर संरक्षण जाईल. कंपनी कशाला माझ्या नदीसाठी भांडेल? ती काढते. 'एक्स'ने याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात केलेली याचिका सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली गेली. त्यानंतर महिन्याभरात केंद्राने नियम थोडा सुधारला: असा आदेश सहसचिव किंवा पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढावा, कारणं लिहावीत, दर महिन्याला आढावा घ्यावा. चांगलं आहे. पण कारणं कुणाला कळवायची? कंपनीला. आढावा कोण घेणार? सरकारचाच सचिव. ज्याने लिहिलं तो या साऱ्या व्यवहारात कुठेच नाही.

1878 मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, आणि मॅजिस्ट्रेटच्या निर्णयावर न्यायालयात दाद नव्हती. आपण शाळेत त्याला मुस्कटदाबीचा कायदा म्हणून शिकलो. तरी त्या कायद्यात छापणाऱ्याला बोलावून जातमुचलका मागत. कुणी बोलावलं हे त्याला कळायचं. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, पण तो खटला उघड चालला. कुठल्या लेखावरून, कुठल्या शब्दावरून, हे सगळं आज आपण वाचू शकतो. मी साम्राज्याचं कौतुक करत नाही. मी फक्त म्हणतो की परक्या सरकारला आपल्याला दोषी ठरवताना निदान आरोप वाचून दाखवावा लागत होता.

माझी मागणी त्यामुळे अगदी लहान आहे, क्रांतिकारक वगैरे मुळीच नाही. मजकूर काढायचा तर आदेशाची प्रत लिहिणाऱ्याला द्या. तातडी असेल, दंगल पेटत असेल, तर आधी काढा आणि दोन दिवसांनी द्या. दाजींच्या डोक्यातला दगड मलाही नको आहे. असे सगळे आदेश राजपत्रासारखे कुठेतरी क्रमांकाने प्रसिद्ध करा. लिहिणाऱ्याला अपील करता येऊ द्या, आणि ते सरकारच्या समितीकडे नको, न्यायाधीशाकडे. आदेश बेकायदा ठरला तर सही करणाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद करा. माझ्या व्हिडिओत एखाद्या ट्रॅक्टरचा नंबर चुकला असेल, एखाद्या माणसावर अन्याय झाला असेल, तर मी जाहीर माफी मागून दुरुस्त करीन. पण त्यासाठी काय चुकलं ते मला कळायला हवं.

मागच्या आठवड्यात पारावर ती म्हातारी भेटली. तिच्या नातवाने तिला सांगितलं होतं की तो पिक्चर सरकारनं बंद केला. "मी काय वंगाळ बोलले का रं, बाबा?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग माझं बोलणं का काढलं?" यावर मी तिला माहिती अधिकारातलं पहिलं अपील फेटाळल्याचं आणि दुसरं टाकल्याचं सांगितलं. तिला ते काही कळलं नाही. दुसऱ्या अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. ट्रॅक्टर कालही रात्री दोनला गेले.