रक्त अधिक झाले तर

'अंगात रक्त कमी आहे' ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. 'रक्त अधिक आहे' असे सांगणारा क्वचितच भेटतो, आणि भेटलाच तर त्याचा हेवा केला जातो. चेहरा तांबूस, हिमोग्लोबिन अठरा. मग चिंता कसली? परंतु अशी वाढ हा विकारही असू शकतो, हे पॅरिसचे डॉक्टर लुई व्हाकेझ यांनी १८९२ सालीच दाखवून दिले होते. 'पॉलिसायथीमिया व्हेरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात अस्थिमज्जा तांबड्या पेशी बेसुमार निर्माण करते. रक्त दाट होते आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात, हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकली तर झटका. बहुतेक रुग्णांत यामागे जाक-टू नामक जनुकातील बदल असतो, हे २००५ साली उघड झाले.

उपचार मात्र पुरातन आहे. जळवा-तुंबड्यांनी रक्त काढण्याची प्रथा आधुनिक वैद्यकाने मोडीत काढली. या विकारात रक्त काढणे हाच उपचाराचा पाया राहिला. रक्तदानाच्या वेळची तीच सुई आणि तीच पिशवी! जोडीला ॲस्पिरिनची लहान मात्रा. साठी उलटलेल्यांना किंवा पूर्वी गुठळी होऊन गेलेल्यांना हायड्रॉक्सियुरियासारखे औषधही द्यावे लागते. हे सारे किती कसोशीने करावे, याचे उत्तर इटलीत ३६५ रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिले. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ज्यांच्यात ४५ टक्क्यांखाली राखले गेले, त्यांच्या तुलनेत ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवलेल्या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा मोठी गुठळी होण्याचे प्रमाण जवळजवळ चौपट निघाले.

घोडे पेंड खाते ते येथेच. रुग्णाला फारसे काही दुखत नाही. डोके जड होते, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते. एवढ्यासाठी रजा टाकून रुग्णालय कोण गाठणार? शिवाय वारंवार रक्त काढल्याने शरीरातील लोह घटते, थकवा येतो. मग कोणी सद्हेतूने लोहाच्या गोळ्या लिहून देतो आणि मज्जा नव्या जोमाने पेशी तयार करू लागते. पंडुरोगाशी लढण्यात हयात गेलेल्या आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या हातून ही चूक सहज होण्याजोगी आहे.

धूम्रपानासारख्या अन्य कारणांनीही हिमॅटोक्रिट वाढतो. तेव्हा निदान तज्ज्ञानेच करावे, हे उघड आहे. पण एकदा निदान झाल्यावर, केवळ एक पिशवी रक्त काढून घेण्यासाठी खेड्यातील माणसाने दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी का जावे? तज्ज्ञाच्या लेखी सूचनेवरून हे काम तालुक्याच्या रुग्णालयात व्हावयास हवे. रुग्णाच्या खिशातील कार्डावर विकाराचे नाव, ४५ हा आकडा आणि 'तज्ज्ञाला विचारल्याविना लोह देऊ नये' एवढी सूचना लिहिण्यास तर कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही.