शेजारीण आणि नाटक

गणपती जवळ आले की आमच्या सुदामा नगरातल्या मराठी घरांत तालमींची गडबड सुरू होते. निवड बहुधा विनोदी नाटकाचीच. हसायला कोण नको म्हणेल? मला मात्र दरवर्षी ‘मुलगी झाली हो’ आठवतं. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी ते १९८३ साली लिहिलं. नेपथ्याचा बडेजाव नाही. वस्तीतलं अंगण मिळालं की झाला रंगमंच. कामं करणाऱ्या संघटनेच्याच बायका. त्यामुळे हुंड्यावरचं गाणं सुरू झालं की समोर पदर सावरून बसलेलीला वाटावं, ही तर आपली शेजारीण! प्रयोग हजारांच्या घरात गेले, हिंदीतही झाले. आमच्याकडे यंदाही फार्सच ठरलाय, आणि त्यातली सासू पुन्हा एक काकाच करणार आहेत.