नव्या मोटारीचें दुखणें

नवी मोटार दारीं येते तो दिवस साऱ्या घराला सणासारखा वाटतो. कुंकवाचें स्वस्तिक, झेंडूचा हार, शेजाऱ्यांस पेढे, सर्व कांहीं यथासांग होतें. परंतु महिन्याभरांतच ती चढावर बंद पडूं लागली, ब्रेक लावतांच एका बाजूस ओढूं लागली, म्हणजे विक्रेता गोड शब्दांत सांगतो, "गाडी नवी आहे, थोडी फिरली कीं मोकळी होईल." घरांतील वडील मंडळीही 'आपलें नशीब' म्हणून स्वस्थ बसतात. कर्जाचे हप्ते मात्र दरमहा बिनचूक जातात!

आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न नशिबाचा नसून हक्काचा आहे. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दोष काढून देणें, वस्तु बदलून देणें, किंमत परत करणें व नुकसानभरपाई देणें, असे हुकूम करण्याचा अधिकार ग्राहक आयोगास दिला आहे. घरच्या वापरासाठीं घेतलेल्या मोटारीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, तीही आपण राहतों त्याच जिल्ह्यांत, करतां येते. वकील सक्तीचा नाहीं. मुदत तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

तथापि प्रत्येक खडखडाटासाठीं नवी मोटार मिळेल, अशा भ्रमांत कोणी राहूं नये. वॉरंटींत सदोष भाग बदलण्याचेंच वचन असतां सबंध मोटार बदलून मागतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं म्हटलें आहे. दोष मुळांत घडणींतच आहे व वारंवार दुरुस्त करूनही जात नाहीं, हें ग्राहकासच सिद्ध करावें लागतें. आयोग जरूर तर मोटार तज्ज्ञांकडून तपासून घेतो. पण तोंवर पुरावा आपणच जपला पाहिजे.

आणि येथेंच आपलीं एकत्र कुटुंबें चुकतात. मोटार वडिलांच्या नांवें, चालविणारा धाकटा आणि कागद थोरल्याच्या कपाटांत! दुरुस्तीस कोण केव्हां गेला, काय बोलला, याची नोंद कोणापाशींच नसते. म्हणून आमची सूचना अशी कीं, सर्व कागद एका जागीं ठेवावे. तोंडी तक्रारीवर विसंबूं नये. जॉब कार्डावर दोष स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावा व तारीख आणि किलोमीटर पाहूनच सही करावी. मोटार परत घेतांना दोष तसाच असेल, तर तसें लिहूनच ती ताब्यांत घ्यावी. विक्रेता व कंपनी या दोघांसही लेखी कळवावें, कारण ते एकमेकांकडे बोट दाखवितात. त्यानंतरही दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सल्ला घ्यावा आणि मग आयोगाकडे जावें. दोष ब्रेकचा वा स्टिअरिंगचा असेल, तर निवाडा होईपर्यंत घरच्या माणसांना त्या मोटारींत बसवूं नये, हें सर्वांआधीं.

आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब मागणें म्हणजे भांडखोरपणा नव्हे. बाजारांतून नासका नारळ आला तर आपण तो निःसंकोच परत करतों. लाखों रुपयांच्या मोटारीपुढें संकोच कसला?