दिसणारे सिमेंट आणि न दिसणारी पुडी

गतवर्षी घाटंजी तालुक्यातील सत्तरीच्या एक आजीबाई कटिशूलासाठी माझ्याकडे आल्या. ‘नागपूरले मणक्यात सिमेंट भरलं’, एवढेच त्यांना सांगता येत होते. कागदपत्रे हरवलेली. मुलाचा आग्रह जोरकस मर्दनाचा. प्रथम क्ष-किरण चित्र काढून घेतले. कमरेच्या पहिल्या मणक्यात शुभ्र डाग होता, त्याचा बारीक ओघळ लगतच्या चकतीत शिरला होता आणि वरचा मणकाही किंचित दबला होता. मर्दनाचा विचार तेथेच सोडला. कागद हरवले, तरी सिमेंटने आपली साक्ष दिली.

ही साक्ष आपोआप मिळत नाही. मणक्यात सुईवाटे भरावयाचे हे सिमेंट म्हणजे पॉलिमेथिल मेथॅक्रिलेट. ते स्वभावतः क्ष-किरणांना अडवीत नाही. म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड मिसळतात. पोटाच्या तपासणीसाठी रुग्णास पाजतात, तेच हे बेरियम. कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये ते साधारण १० टक्के असते. मणक्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत नेतात. कारण पातळ सिमेंट शिरांवाटे फुफ्फुसाकडे किंवा मज्जारज्जूकडे जाऊ शकते. पडद्यावर ओघळ दिसताच शस्त्रवैद्याला हात थांबवता यावा, हाच हेतू. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे गॅलिबेर व देरामों यांनी ही पद्धत प्रथम वापरली, तेव्हापासून तिची सुरक्षितता या दिसण्यावरच अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट मननीय आहे. बेरियमने रुग्णाची वेदना शमत नाही. उलट त्याचे प्रमाण वाढले की सिमेंटचे बळ काहीसे घटू शकते. तरीही ते घालतात. शरीरात गेलेले द्रव्य कोठे आहे, हे कळण्यासाठी थोडे बळ खर्ची घालणे त्या शास्त्राने मान्य केले.

आता आपल्याकडे पाहू. पारद, नाग यांचे कल्पही जड धातूंमुळे पोटाच्या क्ष-किरण चित्रात पांढरे दिसू शकतात. शल्यचिकित्सक विचारतो, ‘हे काय घेतले?’ रुग्ण उत्तरतो, ‘वैद्यांची पुडी.’ पुडीवर ना नाव, ना मात्रा, ना तारीख. चित्रात द्रव्य दिसते, पण ते कोणते हे सांगणारा कागद नसतो. मग संशय एका पुडीवर न थांबता सर्व रसौषधींवर जातो. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव अशा भस्मपरीक्षा ज्या परंपरेने घालून दिल्या, तिच्या वारसांना हे शोभत नाही.

यावर काही सहकारी म्हणतात, योग उघड केला तर आमचे वैशिष्ट्य काय उरले? माझे नम्र मत असे की, वैशिष्ट्य योजनेत असते, लपविण्यात नव्हे. तयार औषधांच्या वेष्टनावर घटक छापणे औषध नियमांनी बंधनकारक केलेच आहे. तोच दंडक आपण चिकित्सालयातील पुडीलाही लावावा.

म्हणून दोन विनंत्या. वैद्यबंधूंनी वृद्ध रुग्णाच्या कटिप्रदेशी हात लावण्यापूर्वी पूर्वीची शस्त्रक्रिया विचारावी व चित्र पाहावे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न हा क्रम आपलाच आहे. फार्मसीचालकांनी प्रत्येक रसकल्पासोबत नाव, घटक, मात्रा व दिनांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी. सिमेंटला जी साक्ष देता येते, ती आपल्या औषधालाही देता यावी.