भूत जोलोकियाचे बी आणि त्याचे गाव

जगातील सर्वांत तिखट मिरचीची बातमी दर काही वर्षांनी येते आणि त्या बातमीत बहुधा एकच गोष्ट असते : आकडा. २०१३ मध्ये कॅरोलिना रीपरचा आकडा आला, २०२३ मध्ये पेपर एक्सचा, २६,९३,००० स्कोव्हिल. भारताला हा मान २००७ मध्ये मिळाला, तो भूत जोलोकियामुळे : १०,०१,३०४ स्कोव्हिल. त्या बातमीची शाई वाळून बरीच वर्षे झाली. तिने मागे ठेवलेला छंद मात्र वाढतच आहे. पुण्याच्या गच्चीवर, बंगळूरच्या बाल्कनीत, इंदूरच्या परसात आज भूत जोलोकियाचे बी रुजत घातले जाते. छंद उत्तम आहे. अडचण आहे ती बियांच्या पुडीवर काय छापलेले असते आणि काय नसते, याची. पुडीवर स्कोव्हिलचा आकडा ठळक असतो. ते बी कोणत्या गावचे, कोणत्या साली धरलेले, कोणत्या झाडाचे, हे कोठेही नसते. विज्ञानाच्या दृष्टीने पाहता जे छापले आहे ते जवळजवळ निरर्थक आहे, आणि जे गाळले आहे तेच मोलाचे आहे.

आधी आकड्याविषयी. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही मापनपद्धती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चव पाहणाऱ्यांना तिखटपणा कळेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावे लागते ते मोजायचे. आज हे काम द्रव वर्णलेखन यंत्र करते. ते कॅप्सायसिन आणि त्याच्या सोयऱ्यांचे प्रमाण देते आणि त्यावरून जुन्या एककात रूपांतर केले जाते. मापन नेमके झाले, पण मोजायची वस्तू तशी स्थिर नाही. रेड सॅव्हिना ही भूत जोलोकियाच्या आधीची विक्रमी मिरची. तिच्या नावावर ५,७७,००० ची नोंद होती. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात भूत जोलोकियाशेजारी, त्याच मातीत आणि त्याच हंगामात ती लावली गेली, तेव्हा तिचा आकडा अडीच लाखांच्याही किंचित खाली भरला. वाण तेच, नाव तेच, आकडा निम्म्याहून कमी.

भारतातील दाखला याहून बोलका आहे. भूत जोलोकियाच्या तिखटपणाची पहिली शास्त्रीय नोंद न्यू मेक्सिकोची नव्हे, आसामातील तेजपूरची. तेथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००० मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ८,५५,००० स्कोव्हिल हा आकडा प्रसिद्ध केला. परदेशात त्याकडे पुष्कळांनी संशयाने पाहिले. सात वर्षांनी अमेरिकी विद्यापीठाचा शिक्का बसला तेव्हा तेच सत्य जगाला पटले. (या सात वर्षांविषयी विज्ञानवार्तांत फारसे कोणी लिहीत नाही.) पुढे तेच बी ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत लावून पाहिले, तेव्हा फळांचा तिखटपणा तेजपूरच्या मानाने सुमारे निम्म्यावर आला. ‘पाणी तोडले की मिरची तिखट होते’ हा बागकामातला लाडका नियम येथे सरळ लागू पडत नाही. दमट, उबदार, ढगाळ हवेत शेकडो वर्षे वाढलेल्या वाणाला कोरडेपणा हा तिखट होण्याचा इशारा वाटत नसावा. ते झाड नुसतेच कष्टी होते.

म्हणजे पुडीवरचा दहा लाखांचा आकडा हे बियाचे वचन नव्हे. तो एका झाडाचा, एका मातीचा आणि एका हंगामाचा वृत्तांत आहे.

तरीही हे बी घरी लावण्यासारखे आहे, आणि ते लावताना वनस्पतिशास्त्राचे जेवढे धडे मिळतात तेवढे महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत क्वचितच मिळतात. पहिला धडा धीराचा. ज्वाला किंवा संकेश्वरीचे बी आठवडाभरात वर येते. भूत जोलोकियाचे बी तीन-चार आठवडे हालचाल करीत नाही, कधी त्याहूनही अधिक. कित्येक हौशी माणसे याच काळात ट्रे उलटा करून टाकतात. मातीची ऊब २५ ते ३० अंशांच्या आसपास टिकली, कोकोपीट ओलसर राहिले पण चिखल झाला नाही, तर बी येते. पाणी जास्त झाले की कोवळी रोपे बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. पेरणीपासून पिकलेले लाल फळ हाती येईपर्यंत चार-पाच महिने सहज जातात, म्हणून दख्खनच्या पठारावर मे-जूनमध्ये रुजत घातलेले बी सोयीचे : फुलोरा आणि फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत येतात. पारा पस्तिशीच्या पलीकडे गेला की फुले देठातून गळतात, आणि या वाणात फळधारणा मुळातच कमी असते. शेजारी फुलकिडे आणि पांढरी माशी असली की चुरडामुरडा आलाच.

दुसरा धडा अधिक खोल आहे, आणि येथे बहुतेक छंदी बागाईतदार घसरतात. गच्चीवर भूत जोलोकियाशेजारी ढोबळी मिरची लावली की ढोबळी तिखट होते, असा समज आहे. तसे होत नाही. फळाची भिंत आणि आतला पांढरा गाभा, जेथे कॅप्सायसिन तयार होते, हे सारे आईच्या झाडाचे ऊतक आहे. परक्या परागकणाचा त्यावर परिणाम दिसत नाही. तो दिसतो बियांत, म्हणजे पुढच्या पिढीत. मिरचीचे फूल स्वतःच्या परागावर फळू शकते, पण मधमाश्या आल्या की परपरागण थोडे ते बरेच होते, आणि भूत जोलोकिया नेहमीच्या मिरचीशीही संकर पावू शकते. त्यामुळे सहा जातींच्या कुंड्या शेजारी ठेवून त्यांतील एका सुरेख फळाचे बी ‘अस्सल भूत जोलोकिया’ म्हणून मित्रांना वाटणे हे सद्भावनेने केलेले चुकीचे काम आहे. दोन पिढ्यांत त्या नावाखाली भलतेच झाड उभे राहते. उपाय साधा आहे : कळी उमलण्याआधी तिला मलमलीची छोटी पिशवी बांधायची, फांदी हलवून पराग आतच पडू द्यायचा, फळ धरले की पिशवी काढून देठाला दोरा बांधायचा, आणि त्याच फळाचे बी राखायचे.

या छंदाशी शुद्धतेचा आग्रह जोडताना एक सावधगिरी मात्र हवी. ही मिरची भारतात ‘मुळातली’ नाही. मिरचीचा सारा वंश अमेरिका खंडातला. पोर्तुगिजांच्या व्यापाराने तो इकडे आला. भूत जोलोकियाची प्रजाती ॲमेझॉनच्या खोऱ्याकडची, आणि तिचे शास्त्रीय नाव ‘कॅप्सिकम चायनेन्स’, म्हणजे चीनची! १७७६ मध्ये जॅक्विन या शास्त्रज्ञाने ती चीनमधून आली असे समजून हे नाव दिले आणि नियमांच्या बंधनामुळे ती चूक अद्याप चालू आहे. भूत जोलोकियाच्या वंशात ‘कॅप्सिकम फ्रुटेसेन्स’ या दुसऱ्या प्रजातीचाही अंश आहे, असे जनुकीय तपासणीत दिसून आले. म्हणजे आज ज्याला अस्सल म्हणायचे तोही एका जुन्या संकराचा वंशज. बी प्रवास करणारच. त्याला कुंपण घालण्याची भाषा इतिहासाला धरून नाही.

प्रश्न कुंपणाचा नाही, स्मरणाचा आहे. ॲमेझॉनच्या एका परदेशी रोपाची आसामात भोट जोलोकिया, नागालँडात राजा मिरची, मणिपुरात ऊमोरोक झाली ती आपोआप नव्हे. कोणते फळ बियांसाठी ठेवायचे आणि कोणते खायचे, हा निर्णय तेथील घराघरांतून, बहुतांशी परसबागांतून, पिढ्यान्पिढ्या होत गेला. म्हणजे आज शहरी गच्चीवर जे चालते तेच काम, केवळ अधिक चिकाटीने. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोत पोहोचलेले बी भारतभेटीवर आलेल्या एका व्यक्तीकडून गेले होते. इंग्लंडमध्ये ‘डॉर्सेट नागा’ म्हणून प्रसिद्धी पावलेले वाण एका शेतकरी दांपत्याने दुकानातून विकत घेतलेल्या बांगलादेशी नागा मोरिचच्या फळांतून निवडले. दोन्हींत बेकायदा काही नव्हते. पण विद्यापीठाचे नाव नोंदले गेले, डॉर्सेट परगण्याचे नाव नोंदले गेले. ज्या परसातून ते बी निघाले त्याचा पत्ता कोठेच नाही.

नागा मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही चांगली गोष्ट. २०२१ मध्ये पेरेन जिल्ह्यातील तेनिंग भागातली राजा मिरची गुवाहाटीमार्गे लंडनला विमानाने गेली, तेव्हा त्या नावाला बाजारात किंमत आली. पण निर्देशांक नावाचे रक्षण करतो, बियाचे नव्हे. वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ शेतकऱ्याला बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क देतो आणि शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदही करू देतो. तथापि गच्चीपर्यंत पोहोचलेल्या दहा बियांच्या पुडीला त्यातले काहीच चिकटून येत नाही. जे कायद्याने होत नाही ते सवयीने होऊ शकते. बियाणे विकणाऱ्याने आकड्याऐवजी गाव आणि साल छापावे. ग्राहकांनी ते मागितले तर विक्रेते छापतील. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनी ‘जगातील सर्वांत तिखट’ या शब्दांबरोबर ‘कोणी जोपासलेली’ हेही लिहावे. त्याला एक ओळ पुरते.

आणि लावणाऱ्याने? कुंडीवर चार गोष्टी लिहिलेली पट्टी असावी : बी कोठून आले, कधी पेरले, कधी रुजले, फूल पिशवीत होते की नव्हते. वीस बी पेरून किती आली हे मोजले, दोन ठिकाणच्या तापमानाची तुलना केली, तर ती नोंद कोणत्याही विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला शोभेल. तिखटपणा जिभेवर मोजायच्या भानगडीत मात्र पडू नये. कॅप्सायसिन ज्या ग्राहीवर काम करते तो टीआरपीव्ही१ उष्णतेचा ग्राही आहे. त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मेंदूला खरोखरच भाजल्याचा निरोप जातो आणि फळ चिरणारा हात डोळ्याला लागला तर तो निरोप तासभर थांबत नाही. पक्ष्यांचा हा ग्राही कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून बुलबुल लाल फळे निवांत खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. त्या बियांवरही गावाचे नाव नसते, पण बुलबुलाला पुडी विकायची नसते.