मारण्याआधी सॉकेट बघा

ईमॅक्सचा क्लायंट जोडला जात नाही म्हटलं की दहातले नऊ जण एकच सल्ला देतात: 'किल मायनस नाइन मार आणि पुन्हा चालू कर.' हा सल्ला अडाणीपणाचा आहे. तो देणाऱ्याचं काही जात नाही, ऐकणाऱ्याचं काम जातं.

२००९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स डेमन म्हणून पडद्यामागे चालू राहतो. उघड्या फायली, न साठवलेले बफर, सगळं त्याच्याच पोटात. साधा टर्म सिग्नल पाठवला तर मरण्यापूर्वी तो निदान ऑटोसेव्ह करतो. नऊ नंबरचा सिग्नल तेवढीही उसंत देत नाही. स्क्रॅचसारख्या फाईल नसलेल्या बफरचं तर मुळात ऑटोसेव्हच होत नाही. माझ्या एका तरुण सहकाऱ्याची दिवसभराची टिपणं अशीच गेली, आणि सर्व्हर पूर्ण वेळ धडधाकट होता.

क्लायंट विचारतो, 'सॉकेट सापडत नाही. सर्व्हर चालू केलात का?' हा प्रश्न आहे, निदान नव्हे. पण तो पाहताच लोक सर्व्हर मेला असं धरून चालतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून सॉकेट टीएमपीऐवजी एक्सडीजी_रनटाइम_डिर या व्हेरिएबलनं दाखवलेल्या जागी, म्हणजे बहुधा रन-यूझरखालच्या तुमच्या फोल्डरमध्ये बनतं. क्रॉनमधून क्लायंट चालवा, ते व्हेरिएबल तिथे नसतं आणि क्लायंट जुन्या टीएमपीत शोधत बसतो. सुडो लावून चालवलात तर तो रूटचं सॉकेट शोधतो. अशा वेळी मायनस एस देऊन सॉकेटचा पूर्ण पाथ सांगितला की काम होतं. कुणाला मारायची गरज नाही.

त्याहून वाईट प्रकार मायनस ए आणि रिकामी स्ट्रिंग. सर्व्हर नसेल तर नवा सुरू करणारी ही सोय चांगली आहे, पण सॉकेट दिसत नसताना ती बेधडक दुसरा डेमन उभा करते. तुम्ही कोऱ्या ईमॅक्समध्ये काम सुरू करता, आणि तुमचे बफर पहिल्यात अडकून राहतात.

शेवटचं सेशन बंद झालं की सिस्टमडी रन-यूझरमधलं फोल्डर पुसून टाकतं. टर्मिनलवरून सुरू केलेला डेमन अनेकदा जिवंत राहतो, सॉकेट मात्र गेलेलं असतं. लॉगिनसीटीएलनं लिंगर चालू केलं की फोल्डर टिकतं. यूएसआर वन सिग्नलला सर्व्हर-स्टार्ट आधीच बांधून ठेवलं असेल, तर बाहेरून एक सिग्नल पाठवून जिवंत डेमनला नवं सॉकेट बनवायला लावता येतं.

आणि डेमन जिवंत असूनही सॉकेट बनलंच नसेल, तर इनिट फाईलमधला एखादा प्रश्न उत्तराची वाट बघत असू शकतो. थीमवर विश्वास ठेवायचा का, असा. तो कुणाला दिसतच नाही. एफजी-डेमननं टर्मिनलसमोर चालवून पाहा. सॉकेट असूनही क्लायंट नुसताच लटकत असेल, आणि लिस्प फिरत राहिलं असेल, तर यूएसआर टू सिग्नल त्याला डीबगरमध्ये आणतो.

तुमच्या टीमच्या विकीवर 'किल मायनस नाइन' लिहिलेलं असेल तर आजच खोडा. त्या जागी लिहा: आधी पीग्रेपनं डेमन जिवंत आहे का ते बघा, मग एलएसओएफनं त्याचं सॉकेट कुठे आहे ते बघा.