फसलेल्याची लाज आणि फसवणाऱ्याचे नाव

लबाडी करून पैसा उकळणाऱ्यांसाठी मराठीने शब्दांचा मोठा संग्रह जपला आहे. ठग, ठक, भामटा, भोंदू, तोतया, लुच्चा, लफंगा ही नावे वरवर समानार्थी वाटली, तरी त्यांतील छटा निराळ्या आहेत. भोंदू श्रद्धेचे भांडवल करतो, तोतया दुसऱ्याचे नाव धारण करतो, तर ठग आधी विश्वास संपादन करतो आणि मग घात करतो. ‘ठग’ या शब्दाचे नाते ‘झाकणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूशी सांगितले जाते, ते सार्थच आहे. हाच शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत गेला आणि तेथे त्याचा अर्थ ‘गुंड’ असा झाला. हिंसा उरली, विश्वासघात मात्र गळून पडला. संस्कृतातील ‘धूर्त’ म्हणजे फसवा माणूस. गुजरातीतील ‘धुतारो’ हा अर्थ आजही सांभाळून आहे, हे बडोद्याच्या मराठी कुटुंबांना ठाऊक असेल. मराठीत मात्र धूर्त म्हणजे चतुर, आणि त्या शब्दात कौतुकाची किंचित झाकही आली.

या कौतुकाचीच चिंता वाटावी. शब्दांचा भार नेहमी योग्य माणसावरच पडतो असे नाही. ‘भामटा’ हेच उदाहरण घ्यावे. हे एका समाजाचेही नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु बोलीतील शिवी रद्द झाली नाही. वृत्तपत्रांचे मथळे ती आजही सहजपणे वापरतात. एका लबाडाच्या कृत्यासाठी संपूर्ण समाजाचे नाव वापरणे हा अन्यायच होय.

दुसरा अन्याय अधिक सूक्ष्म आहे आणि तो क्रियापदांत दडला आहे. ‘तो फसला’, ‘तो गंडला’, ‘तो बनला’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यांत फसवणारा कोठेच नाही. कर्ता आहे तो फसलेला माणूस, जणू घसरून पडावे तसा तो आपणहून फसला! लबाडासाठी इतकी नावे असलेल्या भाषेत ऐन वेळी लबाडच वाक्यातून निसटून जातो आणि लाज मात्र ज्याचे पैसे गेले त्याच्या वाट्याला येते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: ओटीपी तर त्यानेच सांगितला, पैसे त्यानेच पाठवले. निष्काळजीपणाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु चोरी आणि फसवणूक यांतील भेद नेमका हाच आहे. चोर वस्तू उचलून नेतो. ठग ती मालकाच्याच हातून घेतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ज्या कलमाने ‘चारसौबीस’ हा शब्द घरोघरी पोचवला, त्या कलमाचा गाभाच असा होता, की फसवून एखाद्याला त्याची मालमत्ता देण्यास प्रवृत्त करणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये तोच विचार आला आहे. आपल्या हाताने दिले, हा फसलेल्याचा गुन्हा नव्हे; तो फसवणाऱ्याच्या गुन्ह्याचा भाग आहे.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया जाणत्या माणसांनाही खरा वाटला होता. १७७६ मध्ये त्याचे बंड मोडले गेले. आजचा तोतया दूरध्वनीवर पोलीस अधिकारी होतो, बँकेचा प्रतिनिधी होतो, पडद्यावर गणवेशात बसून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतो. अशी अटक भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून अशा माणसाला त्याने स्वतः घेतलेल्या अधिकारपदाने संबोधू नये. त्याला तोतयाच म्हणावे.

हा केवळ शब्दांचा खल नाही. लाजेपोटी माणूस घरात बोलत नाही, शाखेत कळवत नाही, आणि तेवढ्यात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत जाते. १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार जितकी लवकर पोचेल, तितकी ती रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. सेवानिवृत्त वडिलांनी हा दूरध्वनी तत्काळ करावा की दोन दिवस झुरत बसावे, हे पुष्कळदा घरच्यांच्या पहिल्या वाक्यावर ठरते. ‘तुम्ही फसलात कसे?’ असा प्रश्न आला, की दार बंद होते. ‘तुम्हाला कोणी फसवले?’ असे विचारले, तर तक्रारीचे पहिले वाक्य तयार होते.

ग्राहकांनी, त्यांच्या कुटुंबीयांनी आणि खिडकीमागील कर्मचाऱ्यांनीही हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. सावधपणा शिकवायलाच हवा, पण तो तक्रार नोंदवल्यानंतर. लाज वाटायचीच असेल, तर ती ठगाला वाटावी.